जर्मनीत बिस्मार्कनं पेन्शनचा कायदा आणला, त्याच्या तीन वर्षं आधी नागपूरच्या गिरणीत जमशेदजी टाटांनी पेन्शन सुरू केली होती

पेन्शन हा शब्द सध्या महाराष्ट्रात चांगलाच तापलेला आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारचे लाखो कर्मचारी संपावर गेले होते. हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात पेन्शनचे मोर्चे निघतात. दुसरीकडे खासगी कंपन्यांतून, गिरण्यांतून, एसटीतून, साखर कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी ईपीएस ९५ ची पेन्शन वाढवून द्या म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन करतायत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातात महिन्याला हजार-दोन हजार रुपये पडतात.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न कायम मागे राहतो. खासगी ठिकाणी राबणाऱ्या माणसाला म्हातारपणी पैसे मिळायला हवेत, हा विचार आपल्याकडे आला कुठून?

त्याचं एक ठळक उत्तर विदर्भात सापडतं. वर्धा जिल्ह्यातला कापूस, वर्ध्याहून जाणारी रेल्वे आणि नागपुरातली एक गिरणी या तीन गोष्टी त्यासाठी एकत्र आल्या. त्या एकत्र आणणाऱ्या माणसाचं नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

जमशेदजी म्हटलं की आपल्याला पोलाद आठवतं, ताज हॉटेल आठवतं, बंगळुरूची विज्ञान संस्था आठवते. पण यातली पोलादाची आणि विज्ञान संस्थेची कामं त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाली आणि ताज उघडलं ते त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम पाच महिने आधी. आयुष्यभर त्यांनी खऱ्या अर्थानं चालवली ती नागपूरची एम्प्रेस मिल.

सुरुवातीपासून बघू.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी यांनी घरातली ही परंपरा मोडली आणि ते मुंबईत येऊन व्यापारात पडले. जमशेदजी चौदाएक वर्षांचे असताना मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत दाखल झाले. वडिलांनी त्यांना हाँगकाँगला धाडलं. अफू, कापूस, चहा, रेशीम असा त्या काळचा चीनचा व्यापार तिथं चालायचा.

तेवढ्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानी कापसाकडं वळल्या. भाव कडाडले. मुंबईत पैशाचा नुसता पाऊस पडायला लागला. कापसाच्या पैशावर नवनव्या बँका, नवनव्या कंपन्या निघाल्या आणि शेअर्सचा सट्टा घरोघरी पोचला.

या तेजीत टाटाही होते. लंडनमध्ये हिंदी बँक काढायची या इराद्यानं तरुण जमशेदजी इंग्लंडला गेले. पण १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव धाडकन कोसळले. मुंबईतल्या बँका बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. जमशेदजी तेव्हा परक्या देशात होते आणि हातातल्या हुंड्यांची किंमत कागदाएवढी झाली होती.

त्यांनी तोंड लपवलं नाही. देणेकऱ्यांना आणि बँकांना भेटून खरी परिस्थिती सांगितली. त्यांच्या सचोटीवर लोकांचा इतका विश्वास बसला की पेढीचा व्यवहार मिटवण्याचं काम त्यांच्याकडंच सोपवण्यात आलं, आणि त्यासाठी त्यांना महिन्याचा पगारही ठरवून दिला गेला. पुढं अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवर निघालेल्या इंग्रज फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटात टाटांचा वाटा होता. त्यातून घर पुन्हा उभं राहिलं. १८६८ मध्ये जमशेदजींनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली.

वर गेलेली शिडी एका रात्रीत कशी खाली येते, हे त्यांनी पंचविशीतच बघितलं होतं.

त्यानंतर त्यांनी मुंबईत चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिथं कापड गिरणी चालवली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकली. मग ते पुन्हा इंग्लंडला गेले, पण यावेळी लँकेशायरच्या गिरण्यांचा अभ्यास करायला. परत आले ते एक वेगळा विचार डोक्यात घेऊन.

तो विचार असा होता की गिरणी मुंबईत काढायची नाही. जिथं कापूस पिकतो, तिथं काढायची.

इथं आपला वर्धा जिल्हा येतो.

१८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. वर्धा नदीच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन म्हणजे कापसाचं माहेर. त्यातही हिंगणघाटचा कापूस नामांकित. लांबवरच्या व्यापाऱ्यांत हिंगणघाट हे गावाचं नाव राहिलं नव्हतं, ते कापसाच्या एका जातीचं नाव झालं होतं. देशी कापसात तो चांगल्या प्रतीचा मानला जाई. इंग्रज सरकारला या कापसात इतका रस होता की मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी त्यांनी कॉटन कमिशनर म्हणून खास अधिकारी नेमला होता. रिव्हेट-कार्नाक हे त्याचं नाव. चांगलं बियाणं कोणतं, गाठी बांधताना भेसळ कशी होते, माल बंदरापर्यंत लवकर कसा जाईल, हे बघणं त्याचं काम.

माल लवकर जाण्यासाठी रेल्वे आली. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे पुलगाव आणि वर्धा ओलांडत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढं १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा टाकला गेला. वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण होती. म्हणजे एकाच फाट्यावरून हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा वर्ध्याला यायला लागला.

जमशेदजींनी हेच हेरलं. कापूस विदर्भातून मुंबईला न्यायचा, तिथून जहाजानं इंग्लंडला न्यायचा, कापड विणून परत आणायचं आणि विदर्भातल्याच शेतकऱ्याला विकायचं, हा उलटा प्रवास त्यांना खटकत होता. त्यांनी आधी जबलपूरचा विचार केला होता, पण तिथं जागेचं जमलं नाही. मग नागपूर ठरलं. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी आणि कापड घेणारा बाजारही जवळच.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी उभी राहिली. नागपुरात जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली आणि तिथं भराव टाकायला सुरुवात झाली. लोकांना हा वेडेपणा वाटला. नागपुरातल्या एका सावकाराकडं पैशासाठी विचारणा झाली, तर जमिनीत सोनं पुरणाऱ्याला कर्ज द्यायचं नाही असं म्हणून त्यानं हात वर केले, असा किस्सा सांगतात. पुढं गिरणी चालल्यावर याच सावकारानं कबूल केलं म्हणे, की या माणसानं सोनं पुरलं नव्हतं, त्यानं माती टाकून सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. त्याच दिवशी नागपूरची गिरणी सुरू झाली. म्हणून तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल.

गिरणी चालवायला जमशेदजींनी माणूस निवडला तो बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या माल खात्यातले. कापड गिरणीचा अनुभव शून्य. पण माणसं सांभाळायची आणि शिस्तीत काम करून घ्यायची हातोटी होती. यंत्रांची बाजू सांभाळायला लँकेशायरचा जेम्स ब्रुक्सबी होता.

सुरुवात काही चांगली झाली नाही. पहिल्यांदा आणलेली यंत्रं स्वस्तातली होती, ती कुरकुरायला लागली. शेअरचा भाव घसरला. मग जमशेदजींनी जुनी यंत्रं काढून चांगली यंत्रं आणली. रिंग स्पिंडल नावाचं नवं तंत्र त्यांनी नागपुरात करून बघितलं, तेही लँकेशायरचे बहुतेक गिरणीवाले जुन्या पद्धतीला चिकटून असताना. कापूस कमी दरात मिळत होता, यंत्रं सुधारली होती आणि हळूहळू नफा दिसायला लागला.

पण एक अडचण पैशानं आणि यंत्रानं सुटत नव्हती. ती म्हणजे माणसं.

नागपूरच्या गिरणीत कामाला आलेले लोक कोण होते? हातमागावर विणणारे कोष्टी होते, कारण विलायती कापडानं त्यांचा धंदा बसवला होता. आजूबाजूच्या गावांतून आलेले महार होते, कुणबी होते. पिढ्यान् पिढ्या शेतीच्या आणि सणावाराच्या हिशोबानं जगलेले हे लोक. त्यांना भोंग्यावर यायची सवय नव्हती. पेरणी आली की माणूस गावाला. कापूस वेचणी आली की गावाला. घरात लग्न निघालं की आठवडाभर पत्ता नाही. हातात थोडा पैसा आला की काही दिवस सुट्टी. रोज किती माणसं येतील याचा भरवसाच नाही, मग यंत्रं चालवायची कशी?

तेव्हाच्या बहुतेक गिरण्यांकडं यावर एकच औषध होतं. दंड करायचा. खाडा केला की पगार कापायचा. पगार एक-दोन महिने अडकवून ठेवायचा, म्हणजे माणूस पळून जाणार नाही.

जमशेदजी आणि बेझनजींनी दुसरा रस्ता धरला. माणूस थांबावा असं वाटत असेल, तर त्याला थांबण्याचं काहीतरी कारण द्यायला पाहिजे, असा तो हिशोब होता.

आधी त्यांनी गिरणीच्या आतली हवा सुधारली. सूत तुटू नये म्हणून गिरणीत दमट हवा लागते, आणि नागपूरचा उन्हाळा तर सगळ्यांना माहीत आहे. हवा खेळती ठेवण्याची आणि आर्द्रता राखण्याची यंत्रणा बसवली. आग लागली तर आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था केली. नियमित येणाऱ्या आणि चांगलं काम करणाऱ्या कामगारांसाठी बक्षिसांचा वार्षिक समारंभ सुरू केला. रोख रक्कम, कापड, घड्याळ अशी बक्षिसं सगळ्यांसमोर दिली जायची.

आणि १८८६ मध्ये एम्प्रेस मिलमध्ये पेन्शन फंड सुरू झाला. गिरणीत वर्षानुवर्षं राबलेल्या कामगाराचे हात थकले की त्याला काहीतरी मिळावं, यासाठी.

त्यानंतर १८९५ मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई देणं सुरू झालं. आणि विसावं शतक उजाडता उजाडता प्रॉव्हिडंट फंडही आला.

आता हे आकडे जगाच्या नकाशावर ठेवून बघा.

जर्मनीत बिस्मार्कनं म्हातारपणाच्या विम्याचा कायदा आणला १८८९ मध्ये. जगातली पहिली मोठी सरकारी पेन्शन योजना म्हणून तिचं नाव घेतलं जातं. एम्प्रेस मिलचा फंड त्याच्या तीन वर्षं आधीचा. इंग्लंडमध्ये कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याचा कायदा झाला १८९७ मध्ये. नागपुरात ती दोन वर्षं आधी सुरू झाली होती. इंग्लंडमध्ये सरकारी वृद्धापकाळ पेन्शन आली ती तर १९०८ मध्ये.

अर्थात एक फरक लक्षात ठेवायला हवा. बिस्मार्कचा होता तो देशाचा कायदा, आणि नागपुरात होती ती एका मालकाची योजना. हा फरक किती मोठा आहे ते पुढं कळेलच.

हिंदुस्थानात तेव्हा पेन्शन नव्हती असंही नाही. सरकारी नोकराला पेन्शन होती, त्यासाठी १८७१ चा पेन्शन कायदाही होता. म्हणजे कलेक्टर कचेरीतला कारकून निवृत्त झाला तर त्याला पेन्शन आणि त्याच गावातल्या गिरणी कामगाराला काहीच नाही. सरकारी आणि खासगी असा जो भेद आजही पेन्शनच्या प्रत्येक भांडणात निघतो, तो इतका जुना आहे.

याच काळात मुंबईत आणखी एक मराठी माणूस कामगारांसाठी झगडत होता. नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार वेळेवर. आणि काम करताना इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

म्हणजे मुंबईत कामगार जे मागत होते, त्यातलं काही नागपुरात एक मालक स्वतःहून द्यायला लागला होता. रविवारच्या सुट्टीची मागणी मुंबईच्या गिरणी मालकांनी मान्य केली ती १८९० मध्ये. अपघाताच्या भरपाईचा कायदा हिंदुस्थानात व्हायला १९२३ साल उजाडलं.

मग जमशेदजी हे फक्त दयाळू शेठ होते का?

तसं म्हटलं तर गोष्ट अर्धवट राहील. हा माणूस पक्का व्यापारी होता. प्रत्येक नवं यंत्र, प्रत्येक नवा फंड यामागं हिशोब असायचा. शिकलेला कामगार दुसरीकडं गेला तर त्याच्या जागी नवा माणूस तयार करायला महिने जातात. खाडे कमी झाले तर यंत्रं पूर्ण वेळ चालतात. पेन्शन मिळणार असेल तर माणूस टिकतो. कामगाराचं भलं आणि गिरणीचा नफा या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत, हे त्यांनी ताळेबंदात दाखवून दिलं. एम्प्रेस मिलनं भागधारकांना वर्षानुवर्षं भरघोस लाभांश दिला.

यातली गंमत म्हणजे, ज्या १८८६ साली नागपुरात पेन्शन फंड सुरू झाला, त्याच वर्षी जमशेदजी स्वतः मोठ्या संकटात सापडले होते. मुंबईजवळ कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी साडेबारा लाखांना विकत घेतली आणि तिचं नाव ठेवलं स्वदेशी मिल. गिरणी स्वस्तात मिळाली होती, पण आतून पार सडलेली निघाली. यंत्रं निकामी, माल खराब, भागधारक हवालदिल. बँकेनं पैसे द्यायला नकार दिला. जमशेदजींनी स्वतःकडचे एम्प्रेस मिलचे काही शेअर्स विकले, नागपूरहून तयार माणसं कुर्ल्याला आणली आणि ती गिरणी उभी केली. अडचणीच्या वर्षात मालक सगळ्यात आधी कामगारांचा खर्च छाटतो. इथं त्याच वर्षी नवा फंड उघडला गेला.

पण त्या काळाच्या मर्यादाही होत्या, आणि त्या सांगायलाच हव्यात.

गिरणीतला दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा असायचा. पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा कापड गिरण्यांसाठी झाला तो १९११ मध्ये, जमशेदजी गेल्यानंतर. लहान मुलं गिरणीत कामाला असायची आणि कायदा त्याला परवानगी देत होता. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानं फक्त सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली होती. पेन्शन दिली म्हणून गिरणी स्वर्ग झाली नव्हती.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे ही पेन्शन हक्क नव्हती, ती मालकाची मर्जी होती. त्या काळच्या अशा सगळ्याच योजनांत कोणाला द्यायचं, किती द्यायचं, किती वर्षं काम केल्यावर द्यायचं हे मालक ठरवायचा. मालक चांगला असेल तोवर ठीक. मालक बदलला, गिरणी बुडाली, तर कामगारानं कोणाकडं जायचं? न्यायालयात दाखवायला त्याच्या हातात कायद्याचा कागद नव्हता. शेजारच्या गिरणीतल्या कामगाराला तर तेवढंही नव्हतं.

वर्धा जिल्ह्यातच बघा. एम्प्रेस मिल चाललेली बघून हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी निघाली, पुढं रेखचंद मोहोता यांची निघाली, पुलगावलाही कापड गिरणी उभी राहिली. कापूस तोच, रेल्वे तीच. पण गिरणी कामगाराचं म्हातारपण कसं जाणार हे त्याच्या मालकाचं नाव काय आहे यावर ठरणार होतं. एकाच रेल्वेमार्गावरच्या दोन गिरण्यांत दोन वेगळी नशिबं असू शकत होती.

जमशेदजींचं पुढचं आयुष्य मोठ्या स्वप्नांमागं गेलं. १८९२ मध्ये त्यांनी हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी निधी काढला. विज्ञान संस्थेसाठी स्वतःची मालमत्ता देऊ केली. पोलादाच्या ध्यासाचा धागाही याच भागातला. १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती लागला होता. त्यात चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाची माहिती होती. वरोऱ्याचा कोळसा त्यासाठी चालेल का ते त्यांनी तपासून घेतलं. तो कोळसा पोलादासाठी कामाचा निघाला नाही आणि ती योजना बारगळली. नाहीतर टाटांचा पहिला पोलाद कारखाना कदाचित विदर्भात उभा राहिला असता.

१९०३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत ताज हॉटेल उघडलं. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथं जमशेदजींचं निधन झालं. इंग्लंडमधल्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांची समाधी आहे. टाटा स्टीलची कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. जमशेदपूरच्या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, १९२० मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला, १९३७ मध्ये निवृत्तीची ग्रॅच्युइटी आली. नागपुरात करून बघितलेलं पुढं तिकडं वाढवलं गेलं.

पण बाकीच्या देशाचं काय?

बाकीच्या देशाला थांबावं लागलं. प्रॉव्हिडंट फंडाचा वटहुकूम निघाला १५ नोव्हेंबर १९५१ ला आणि १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला तो फक्त सहा उद्योगांना लागू होता. त्यात कापड उद्योग होता, आणि ५० किंवा जास्त कामगार असलेले कारखाने त्यात येत होते. कामगारानं पगाराचे सव्वासहा टक्के भरायचे आणि मालकानं तेवढेच भरायचे. सव्वासहा टक्के म्हणजे त्या वेळच्या भाषेत रुपयाला एक आणा. आता एम्प्रेस मिलचा कामगार असो की पुलगाव-हिंगणघाटचा, त्याचा फंड मालकाच्या मनावर राहिला नाही. जमशेदजींच्या पेन्शन फंडापासून इथपर्यंत यायला पासष्ट वर्षं लागली.

मात्र प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन यात फरक आहे, आणि तो समजला की आजचं भांडण समजतं.

प्रॉव्हिडंट फंड म्हणजे साठवलेली रक्कम. निवृत्त झालात की एकदम हातात. त्यातून मुलीचं लग्न होतं, घराचा स्लॅब पडतो, कर्ज फिटतं, आणि चार वर्षांत पैसा संपतो. पेन्शन म्हणजे मरेपर्यंत दर महिन्याला येणारी रक्कम. माणूस किती वर्षं जगेल हे कोणालाच माहीत नसतं. फंडात ती जोखीम कामगाराच्या डोक्यावर असते, पेन्शनमध्ये ती योजनेच्या डोक्यावर जाते. म्हातारपणी धीर असतो तो दर महिन्याच्या रकमेचा.

१९५२ च्या कायद्यात पेन्शन नव्हती. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली, ती कामगार गेल्यावर त्याच्या घरच्यांसाठी. खासगी कामगारासाठी निवृत्तीनंतरची पेन्शन आली ती १६ नोव्हेंबर १९९५ ला. तीच ही ईपीएस ९५. नागपूरच्या पेन्शन फंडानंतर बरोबर १०९ वर्षांनी.

या योजनेत मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शनकडं जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. किमान दहा वर्षं नोकरी आणि ५८ वर्षं वय लागतं. पेन्शनचं गणित असं आहे की पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. मेख आहे ती पेन्शनपात्र पगारात. त्याला वरची मर्यादा आहे. बरीच वर्षं ती ६,५०० रुपये होती. सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. म्हणजे ६,५०० च्या मर्यादेत २० वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं गणित होतं महिन्याला साधारण १,८५७ रुपये. महागाई वाढली तरी त्यात आपोआप वाढ होत नाही. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली गेली. ती साडेसात हजार करा, महागाई भत्ता द्या, ही ईपीएस पेन्शनर मंडळींची मागणी आहे. प्रत्यक्ष पगारावर जास्त पेन्शन घेण्याचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर निकाल आला, पण १,००० रुपयांचा प्रश्न त्यानं सुटला नाही.

आणि एम्प्रेस मिल?

मुंबईच्या संपानंतर देशातल्या जुन्या कापड गिरण्यांना उतरती कळा लागली, तशी तिलाही लागली. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून गेली आणि राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं आली. म्हणजे पेन्शन फंडाला बरोबर शंभर वर्षं झाली त्या साली. पुढं ती कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. विदर्भातल्या बऱ्याच जुन्या गिरण्यांचे भोंगे असेच थांबले.

वर्धा जिल्ह्यात कापूस मात्र आजही येतो. हिंगणघाटची बाजारपेठ आजही मोठी आहे. दिवाळीनंतर जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत गाड्यांच्या रांगा लागतात. तिथं गाठी बांधणारी, रेचे चालवणारी, कापूस उचलणारी कित्येक माणसं हंगामापुरती येतात, ठेकेदाराच्या हाताखाली येतात आणि हंगाम संपला की जातात. अशा माणसाची दहा वर्षांची नोंद कोण ठेवणार? २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे, २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना आहे. पण त्यात कामगारानं स्वतः नियमित पैसे टाकायचे असतात, आणि ज्याला सहा महिनेच काम असतं त्याला तेच सगळ्यात अवघड जातं.

म्हणजे १८७७ मध्ये जमशेदजींसमोर जो कामगार होता, गावाकडून येणारा, पेरणीला परत जाणारा, भरवसा नसलेला, तोच कामगार आजही पेन्शनच्या बाहेर उभा आहे. फरक एवढाच की तेव्हाच्या मालकाला तो टिकावा असं वाटत होतं, म्हणून त्यानं फंड काढला. आजच्या ठेकेदारीत तो टिकला नाही तरी कोणाचं अडत नाही.

तुमच्या पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसत असेल, तर त्याच्या शेजारी ईपीएसमध्ये किती जातात तेही एकदा बघून घ्या. आणि घरात कोणी गिरणीतून, कारखान्यातून निवृत्त झालं असेल, तर त्यांना महिन्याला किती पेन्शन येते ते विचारा. तो आकडा ऐकला की हे मोर्चे का निघतात ते कळतं.